माऊसची उत्तरपूजा

साल दोन हजार दोन होतं की तीन, मला खात्री नाही. माझ्या स्मरणशक्तीवर मी फारसा विसंबत नाही (आनंदीबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तर मुळीच नाहीत). पण त्या दिवशी खंडेनवमी होती, एवढं नक्की.

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पूजेला मांडतो. पाटावर माझे दोन ग्रंथ, बागेतली कोयती आणि विळी ठेवून झाल्यावर माझी नजर नातीच्या, अवनीच्या, माऊसवर गेली. संगणकावरच्या खेळांची जागतिक स्पर्धा कोरियात भरणार होती. तिकडे जायची पहिली पायरी म्हणजे दसऱ्याच्या सकाळचा मुंबईतला सामना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या अविश्वासावरही पुरेसा विश्वास नाही. मी माऊस पाटावर ठेवला आणि गंध-फूल वाहिलं.

थोड्या वेळाने अवनी बॅग भरून आली.

"आजोबा, माझा माऊस?"

"पूजेत आहे," मी अभिमानाने म्हणालो.

"आता त्याला हात लावायचा नाही हो," आनंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "उद्या उत्तरपूजा झाल्यावरच उचलायचा."

"आजी, उद्या सकाळी सामना आहे. दुसऱ्या माऊसवर माझा हात बसत नाही."

"ते मांडणाऱ्याला विचार. शिकलेला माणूस आहे."

अवनी पायरीवर जाऊन बसली. वर्षभर रोज संध्याकाळी ती आमच्या गावातच, मांडवीला, मजीदभाईंच्या सायबर कॅफेत सराव करत होती. मला वाटलं, पोरीचं कोरिया मी गंधाच्या एका बोटाने पुसलं.

इतक्यात मजीदभाईच सुमो घेऊन आले. आम्हाला मुंबईला तेच नेणार होते. आमचे चेहरे बघून त्यांनी हळूच विचारलं, "काय सर, कोण गेलं काय?"

मी सगळं सांगितलं.

"माऊस हलवायचा नाय ना? मग पाट उचला. माऊस पाटावर, पाट गाडीत."

आम्ही सगळे आनंदीबाईंकडे बघू लागलो. त्यांनी बराच विचार केला.

"शिमग्याला देवी पालखीतून फिरतेच की," त्या म्हणाल्या. "न्या. पण अख्खी पूजा न्यायची, कोयतीसकट. आणि उत्तरपूजेला दहीपोह्यांचा नैवेद्य हवा."

अशा रीतीने मी पाट मांडीवर घेऊन मुंबईला निघालो. विळीचं पातं माझ्याकडे होतं (आयुष्यात इतका ताठ मी कधी बसलो नव्हतो). सावर्ड्याला चहाला थांबलो, तर एका म्हातारीने खिडकीतून हात जोडले.

"कुठला देव हो?"

"कोरियाला चाललाय, मावशी," मजीदभाई म्हणाले. "आधी पनवेल तरी गाठू दे."

रात्री पुतण्याकडे उतरलो. सकाळी त्याच्याकडे दुधाला विरजणच नीट लागलं नव्हतं, म्हणून दही शोधण्यात वेळ गेला आणि उत्तरपूजा सभागृहातच करायची ठरली. दाराशी रखवालदाराने कोयती बघून काठी आडवी धरली. मी म्हटलं, "खंडेनवमीची आहे." त्याने टोपी काढून नमस्कार केला आणि काठीही पाटाला टेकवून घेतली.

आत सलिल नावाचा एक टाय लावलेला तरुण पंच होता.

"सर, हे काय?"

"पाचच मिनिटं," मी म्हटलं आणि अवनीच्या टेबलावर पाट मांडला. माझा हात जात्याच कापरा. अक्षता माऊसवर पडल्या, त्या ठीक. दहीपोहे आयोजकांच्या कीबोर्डात गेले. सलिलने नवा कीबोर्ड मागवला. अवनीने माऊस उचलून झटकला, तेव्हा तांदळाचा एक दाणा टपकन खाली पडला.

"आजोबा," ती शांतपणे म्हणाली, "आता तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर कोयती धरून उभा राहिलो. लोक मला वळसा घालून जात होते. दुपारी ती धावत बाहेर आली. "जिंकले! आता दिल्ली!" ती ओरडली. मजीदभाईंनी मला मिठी मारली, अर्थात कोयती काढून घेतल्यावर.

पुढे दिल्लीत ती हरली. कोरिया राहिलं. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, तेव्हा वाटेतल्या खाण्याचा डबा आनंदीबाईंनी स्वतः भरून दिला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात सलिल भेटला. मनात घर करून बसलेली शंका मी भीत भीत विचारली. तो म्हणाला, "हो सर, तुमच्यामुळेच."

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचा आजवर कुणी संदर्भ दिलेला नाही. पण त्या स्पर्धेच्या मुंबईतल्या नियमांत 'खेळाडूच्या टेबलावर दही, धान्य व शेतीची अवजारे आणू नयेत' हे वाक्य पुढच्याच वर्षी आलं, आणि ते माझ्यावरून आलं, एवढं मी पक्कं करून घेतलं आहे.