सातशेचं टार्गेट

पस्तीस वर्षांच्या नोकरीत शेषरावांनी एकही टार्गेट महिन्याच्या शेवटच्या तारखेला पूर्ण केलं नव्हतं. छे! महिनाअखेरीला टार्गेट गाठणारी माणसं त्यांच्या लेखी आळशी. शेषरावांच्या पाळीचं काम बावीस तारखेलाच उरकलेलं असायचं, आणि उरलेले दिवस ते दुसऱ्या पाळीवाल्यांना टोमणे मारण्यात घालवायचे. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये जिथं रेल्वेचे रूळ तयार होतात, त्या रेल मिलमध्ये त्यांनी हयात काढली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ते फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठत, बूट घालत, आणि जायचं कुठं हे न सुचून बूट काढत.

अशा माणसाचे गुडघे गेले!

चालायला तसे ठीक. पण खाली मांडी घालून बसायचं म्हटलं की गुडघे संप पुकारायचे. त्यात मुलीचं, रीनाचं, लग्न पाच आठवड्यांवर आलेलं. कन्यादानाला पाटावर बसावं लागणार. एका संध्याकाळी वांगी चिरता चिरता वच्छलाबाईंनी नवऱ्याला शांतपणे सांगून टाकलं, "तुमाले बसता नाही आलं, तर कुरुदचा दादा अन् वहिनी बसतीन. मी बोलून ठेवलं आहे त्याइले."

"माह्या पोरीचं कन्यादान तुहा भाऊ करन? मामानं पोरीले मंडपात आणावं, तेवढंच त्याचं काम! तिचा हात मीच देईन!"

गरजले खरे, पण आतून ते पार हलले होते. एकुलती एक पोर. सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोचवलेली. तिचा हात जावयाच्या हाती दुसऱ्याच कुणी द्यायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

दुसऱ्याच दिवशी ते सुपेल्याला नीतू मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन धडकले. मॅडम रीनाच्याच वयाची. तिनं गुडघा वाकवून पाहिला, मांडी दाबून पाहिली.

"काका, गुडघा इतका काही बिघडलेला नाही. मांडीचे स्नायू ढिले पडले आहेत, म्हणून सगळा भार सांध्यावर येतोय."

"ढिले? माहे?" शेषरावांना हा अपमान वाटला.

"गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. गुडघ्यानं ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. आणि एका जागी तासन् तास बसून राहायचं नाही, मधून मधून उठायचं. पाच आठवड्यांत पाटावर बसाल तुम्ही!"

शेषरावांनी घरी येऊन हिशेब मांडला. दिवसाला वीस, दिवस पस्तीस. सातशे! एवढंसं टार्गेट आणि त्याला पाच आठवडे? ही पोरगी कधी मिलमध्ये टिकली नसती!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला शेषराव पलंगावर चढले. गुंडाळी दाब, दहा मोज, सोड. कॅलेंडरच्या पाठीवर एक रेघ. आठ वाजता वच्छलाबाईंनी डोकावून विचारलं, "सकाळपासून काय करून राहिले जी?"

"प्रॉडक्शन!"

अकरा वाजेस्तोवर साडेचारशे झाले. अर्धा तास जेवणाची सुट्टी. मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा शेषराव खूश झाले, म्हणाले आता मशीन तापली. दोन वाजायला पाच मिनिटं असताना सातशेवी रेघ पडली. टार्गेट पूर्ण, चौतीस दिवस हातात शिल्लक! मग तृप्त होऊन त्यांनी दोन तास झोप काढली.

चारला उठून ते बैठकीत आले, दोन्ही हातांनी दिवाण धरला, दातओठ खात खाली गेले आणि चक्क मांडी घालून बसले.

"वच्छले! धावत ये! पाह्य पाह्य, बसलो!"

वच्छलाबाई आल्या. खरंच बसले होते की! रीना आली, तिनं मोबाईलवर फोटो काढला. "वाह पापा, क्या बात है!"

"आता उठून दाखवतो," म्हणून शेषरावांनी जोर लावला. काहीच झालं नाही. पुन्हा लावला. मांड्यांनी साफ नकार दिला, आणि गुडघा तर पावासारखा टम्म फुगलेला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात केवलराम. रीनाचे होणारे सासरे! भिलाई-तीनला राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले, आणि सोबत त्यांच्या मंडळी. लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायला आले होते. शेषरावांनी बायकोला डोळ्यांनीच बजावलं: खबरदार काही बोलशील तर! मुलीच्या बापाला उठता येत नाही हे इवायाला, म्हणजे व्याह्याला, कळलं, की कन्यादान गेलंच कुरुदला.

"या या, इवाईबुवा! बसा नं वर, सोफ्यावर."

"तुमी खाली अन् आमी वर? असं कसं जमन? मुलीचा बाप खाली बसला अन् आपण सोफ्यावर चढलो, तर लोक नावं ठेवतीन!"

"अहो, मी आपला... सवयीनं बसलो."

"मंग आमालेही सवय आहे!" केवलराम हट्टाला पेटले. भिंत धरून, एकदा "आई गं" म्हणून, ते शेषरावांच्या समोर खाली बसले. इकडे चहा आला, पोहे आले, पत्रिका पाहून झाली. मग पोह्यांवर पुन्हा चहा आला. रूळ बनवणारे मोठे की त्यावर गाड्या चालवणारे मोठे, हा दोघांचा नेहमीचा वाद झाला. तोही संपला. दोघंही जागचे हलेनात.

"चाला, निघू आता," केवलरामांच्या मंडळी म्हणाल्या.

"बसू नं जरासं. घाई कावून करून राहिली?"

"हो, बसा नं!" शेषराव कळवळून म्हणाले. इवाई निघाले तर त्यांना दारापर्यंत पोचवायला उठावं लागलं असतं!

सहा वाजले. गप्पा आटल्या. कोपऱ्यातल्या पंख्याचं मॉडेल कोणतं यावर दोघं दहा मिनिटं बोलले. शेवटी केवलरामांच्या मंडळींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, सांगून टाका नं आता! दोन वर्षं झाली, घरीसुद्धा खाली बसत नाहीत हे. गुडघे गेले आहेत यांचे!"

शेषरावांनी केवलरामांकडे मान पुढे केली.

"म्हणजे तुमाले उठता येत नाही?"

"नाही येत. तुमीच उठा अन् मले हात द्या."

"मले आलं असतं, तर चार वाजताच उठलो नसतो का?"

वच्छलाबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या आणि मागच्या दारानं शेजारच्या क्वार्टरमधून बिसाहूला घेऊन आल्या. बिसाहू म्हणजे प्लांटमधला जुना रिगर. क्रेनला जड सामान बांधून उचलण्यात उभा जन्म गेलेला. त्यानं दोघांकडे एकदा पाहिलं, चादर मागवली आणि आपल्या छत्तीसगढीत गंभीरपणे विचारलं, "पहिली कोन ला उठाना हे?"

"पाहुण्याले!" शेषराव म्हणाले. मान शेवटपर्यंत सांभाळला!

काखेखालून चादर गेली. बिसाहूनं दोन टोकं धरली, रीनानं आणि वच्छलाबाईंनी दोन. "धीरे... धीरे... रोक! थोड़ा डेरी हाथ!" तिघं जरा डावीकडे सरकले. केवलराम उचलले गेले आणि सोफ्यावर अलगद उतरले. मग शेषराव. खिडकीत तोवर अर्धी गल्ली जमली होती. बिसाहूनं सवयीनं हात झटकून "ओके!" म्हटलं, तेव्हा कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नीतू मॅडमनं सातशेचा आकडा ऐकला आणि हातातला पेन खाली ठेवला.

"काका, महिन्याची औषधाची बाटली एका दिवसात पिता का तुम्ही?"

"नाही..."

"मग? स्नायू व्यायामानं थकतो, आराम मिळाला की भरून येतो. आराम दिलाच नाही, तर भरणार कधी? दोन दिवस बर्फानं शेका, पाय वर ठेवा. मग रोज फक्त दहा. अकरावा केला, तर मी लग्नाला येणार नाही!"

मोजायला वच्छलाबाई बसल्या. दहा झाले की टॉवेल जप्त! शेषरावांच्या जिवावर यायचं. आयुष्यात पहिल्यांदा ते जेवढ्यास तेवढं काम करत होते. दवाखान्यात जायचे त्या दिवशी शेजारच्या टेबलावर आता केवलरामही असायचे, बरोबर साडेनऊला, टाईमटेबलप्रमाणे. तिसऱ्या आठवड्यात शेषराव खुर्चीवरून हात न टेकता उठले. पाचव्यात पाटावर बसले आणि स्वतःहून उठले. त्या दिवशी ते मोरीत जाऊन थोडे रडले, आणि डोळ्यात साबण गेला असं सांगितलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मंडपात कन्यादानाची वेळ झाली. शेषराव नवा फेटा बांधून, तुरा ताठ करून, पाटाकडे निघाले. पण पाट होताच कुठं? तिथं एक टेबल आणि सहा खुर्च्या!

"हे काय भटजी?"

"बसा यजमान," भटजी खुर्चीत टेकत म्हणाले. "तीन वर्षं झाली, सगळे विधी टेबलावरच करतो मी. गुडघे गेले माझे."

पाच आठवडे! रोज दहा-दहानं जमवलेले तीनशे वीस, आधीचे सातशे वेगळेच!

"मी खालीच बसन!" ते गरजले. "पाट आणा!"

सगळ्यांनी समजावलं. ऐकतील तर शपथ! सगळे खुर्च्यांवर, आणि मुलीचा बाप पाटावर, टेबलाच्या पायाशी. वेळ आली तेव्हा त्यांनी हात उंच करून रीनाचा हात टेबलावर जावयाच्या हातात दिला. आणि विधी संपल्यावर कुणाचाही आधार न घेता ते ताडकन उभे राहिले. बिसाहू चादर घेऊन कोपऱ्यात तयार होता, त्यानं ती निमूट घडी घातली.

आता अल्बम आला आहे. कन्यादानाच्या फोटोत रीना आहे, जावई आहे, वच्छलाबाई आहेत, भटजी आहेत. नागपूरकडचे पाहुणे फोटो पाहून हळूच विचारतात, "कन्यादान कोणं केलं? रीनाचे बाबा नव्हते का लग्नात?"

शेषराव फोटोवर बोट ठेवतात. टेबलाच्या कडेला, अगदी खाली, फेट्याचा एक तुरा दिसतो.

"हा तुरा दिसते नं? त्याच्या खाली मी आहो. बसलेला!"