गोंदजी वाटप्याने तोंडाळ सरदारास गैरहजर केले त्याची बखर

आधी गजाननास, मग शारदेस, मग गंजिफेच्या शहाण्णव गोल पानांस आणि ती पिसणाऱ्या दोन हातांस दंडवत घालून लिहिणार लिहितो. शके सोळाशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, माघमासी हे वर्तमान घडले. पाहिले ते लिहितो, ऐकिले तेही लिहितो, आणि पदरचे घातले असेल तर ते मिठाएवढे. मिठावाचून आमटी कोणास गोड लागली आहे?

ऐलतीरचे राज्य आणि पैलतीरचे राज्य यांमध्ये एक नदी होती आणि नदीत एक खडक होता आणि खडकावर एक म्हैस उभी राहील, तीही अंग चोरून, एवढीच जागा होती. त्या खडकापायी दोन्ही राज्ये सात पिढ्या लढली आणि मग माणसे थोडी उरली तेव्हा शहाणपण बहुत आले, आणि तह जाहला की तलवारी म्यानात घालून हा तंटा पंचपानी डावावर सोपवावा. पंचपानी म्हणजे ज्याच्या त्याच्या हाती पाच पाने, ती छातीशी धरून बोली चढवीत जाणे, हाती काही नसता राजा असल्याची थाप मारणे, आणि थाप पचली तर मिशीस पीळ देणे, ऐसा खेळ. तीन सरदार या तीरचे, तीन त्या तीरचे, आणि डावावर चिंचोके. सर्व चिंचोके ज्या बाजूस जातील तिचा खडक. ते अकरा वर्षांत एकदाही घडले नाही, कारण चिंचेची झाडे दोन्ही तीरी होती आणि सरदारांच्या अंगरख्यांस खिसे होते. आणि तहात कलम ऐसे की बैठक बसली म्हणजे बुडाशी भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. पान पडले की ती रिती करून पुन्हा सोडावी. आणि पान न पडता वाटी बुडाली तर डाव मोडला, आणि डाव मोडला की दोन्ही फौजांनी त्याच पावली नदीत उतरून एकमेकांस मारावे.

ऐलतीरच्या राज्यात अठरा कारखाने होते आणि हा एकोणिसावा, गंजिफेखाना. त्यावर दरोगा विसोपंत, आणि पाने वाटणारा गोंदजी, त्यास लोक वाटप्या म्हणत. गोंदजीचा बाप ऐलतीरचा आणि आई पैलतीरची, म्हणून दोन्ही राज्यांचा त्यावर सारखाच विश्वास, म्हणजे मुळीच नाही. सबब दोघांनीही त्याचा एकेक पुत्र मागून घेतला आणि बिनीस लाविला. थोरला या तीरी पहिल्या ओळीत, धाकटा त्या तीरी पहिल्या ओळीत, भाले घेऊन समोरासमोर. दुपारी भाकरीची वेळ जाहली की ते एकमेकांस हात करीत. डाव मोडला तर पहिला भाला भावाचा भावास लागणार, हे गोंदजी रोज सकाळी तळव्यांस तेल चोळताना मनात आणी, आणि मग तो बैठकीस जाई.

आता या बैठकीत ऐलतीरचे सरदार हैबतराव म्हणून बसत, ते देहाने थोर आणि तोंडाने त्याहून थोर. हरले की पानांस काही न म्हणत, स्वतःच्या खेळास तर नाहीच नाही, वाटणाऱ्यावर घसरत. "अरे गोंद्या, ही बोटे आहेत की भेंड्या?" म्हणत. "कुंभाराचे गाढव बसविले असते तर चुकून तरी राजा दिला असता," म्हणत. "तुझ्या बापाने तुला पाने नाही रे, पत्रावळी वाटायला शिकविले," म्हणत, आणि हातची पाने त्याच्या तोंडावर भिरकावीत. आणि वाटप्याचा कायदा जुना होता की वाटणाऱ्यास हात दोन आणि जीभ नाही. म्हणून गोंदजी पाने गोळा करी आणि पिशी आणि वाटी आणि गिळी. अकरा वर्षे गिळले. बापावर गेले त्या दिवशी मात्र घरी आला आणि जेवला नाही. त्याची बायको सगुणा बोलली, "अहो, अन्नावर का राग?" तो बोलला, "पोट भरलंय. सकाळपासून तेच गिळतोय."

ही गोष्ट हुजुरात गेली. खासा स्वारी, म्हणजे ऐलतीरचे राजे, कष्टी जाहली आणि मसलत बसली की तोंडाळास आवरावे कैसे. हैबतरावांस उठवावे म्हणता दोनशे घोडा त्यांचा, तो कोणी आवरावा? मग शहाण्यांनी ठरविले की सरदारास काही न म्हणता वाटप्याचाच बंदोबस्त करावा. आमच्या राज्यात रीत ऐसीच. छप्पर गळले की खालच्यास छत्री देतात. प्रथम राणबा पहिलवान यास सनद दिली की गोंदजीस ज्या शिव्या पडतील त्या यापुढे तुझ्या, तू शेजारी बसून घेत जा. राणबा म्हणजे डोंगर, परंतु त्यास जन्मात कोणी अरे म्हटले नव्हते. पहिल्याच दिवशी भेंड्यांची गोष्ट निघाली आणि राणबाने आपल्या बोटांकडे पाहिले आणि ओठ थरथरले. तिसऱ्या दिवशी गाढव निघाले, तेव्हा तो हुंदके देत गावी गेला आणि सनद खुंटीवर राहिली. मग वैद्याच्या मते गोंदजीच्या कानांत कापूस घातला. त्याने शिव्या बंद जाहल्या आणि बोलीही बंद जाहली. पैलतीरच्या एका म्हाताऱ्या सरदाराने सुपारी गिळली, ती गोंदजीस बोली वाटली, आणि त्याने त्यास तीन पाने जास्त दिली, आणि म्हाताऱ्याने इमानाने एकच परत केले. तो कापूस काढिला. मग विसोपंत दरोगे आपल्या पदरची अक्कल सांगते जाहले, "गोंदजी, हसून घ्यावं माणसानं. हसणाऱ्याशी कोण भांडतो?" गोंदजी दुसरे दिवशी हसला. हैबतराव बोलले, "दात काय दाखवतोस, बाजारात उभा आहेस?" तेव्हा तेही राहिले.

मग माघ वद्य षष्ठीस हैबतराव सलग सात डाव हरले आणि गोंदजीच्या आईवर गेले. शब्द येथे लिहीत नाही, बखर घरात वाचली जाते. गोंदजी पाने पिसत होता, तो थांबला. गड्डी खाली ठेविली, तीवर उजवा तळवा ठेविला आणि बोलला, आणि वाटप्या बोलला म्हणून चोपदाराच्या हातून काठी सुटली. बोलला ते इतुकेच, "सरदारसाहेब, तोंड आवरा. मग पान मिळेल." आणि स्वस्थ बसला. आणि वाटीत पाणी चढू लागले.

पाव वाटी भरली, अर्धी भरली. विसोपंत धावत आले आणि कानाशी लागले, "बाबा, तुझ्या पाया पडतो, एक पान टाक. पोरं उभी आहेत तुझी." गोंदजीस ते ठाऊक नव्हते काय? आज पान टाकावे तर उद्या आईवर, परवा पोरांवर, आणि ते जन्मभर; न टाकावे तर पोरे नदीत. त्याने वर पाहिले, तो हैबतराव लोडास टेकून मिशीत हसत होते, आणि त्यांची नजर पानांवर नव्हती, गोंदजीवर नव्हती, वाटीवर होती. आणि मग गोंदजीस एकाएकी उमगले. हैबतरावांनी तहाआधी सुंदर चिलखत करविले होते, सोन्याच्या कड्यांचे. ते घालावयास लढाई नाही, आणि सरदार वर्षास दोन बोटे रुंद होत होते, आणि यंदा शेवटची कडी लागेनाशी जाहली होती. शिव्या हरल्याच्या नव्हत्याच. अकरा वर्षे हा मनुष्य वाटप्यास खिजवून डाव मोडू पाहत होता, आणि वाटप्या नेमका आज खिजला होता. गोंदजीस स्वतःचा भारी राग आला.

वाटीचा काठ पाण्याशी लागला. तेव्हा गोंदजीच्या हातांस धंद्यातली एक साधी गोष्ट आठवली. खेळणारा पाय मोकळे करावयास उठला तर त्याच्या आसनावरून हात पुढे न्यावा आणि पुढच्यास पान द्यावे. रिकाम्या आसनापायी डाव थांबत नसतो. त्याने गड्डी उचलली आणि पहिल्यास पान टाकले आणि दुसऱ्यास टाकले, आणि हैबतरावांपुढे हात आला तो तैसाच पुढे गेला, आणि चवथ्यास पान पडले. वाटी रिती जाहली. पुन्हा फेरी आली आणि पुन्हा हात वरून गेला. "माझं पान?" हैबतराव बोलले. गोंदजीने त्यांच्या आसनाकडे पाहिले, गादी झटकलेली आहे की नाही ऐसे पाहतात तैसे, आणि पुढे पाने वाटीत गेला. मग हैबतराव जे सुटले ते सूर्य डोईवर येईतो सुटले. आणि पाचही जणांनी डाव मजेत खेळला, कारण पान नाही त्यास बोली नाही, आणि बोली नाही त्याचे ऐकावे कोणी?

आता दरबारचा शिरस्ता ऐसा की बैठकीत ज्यास पान पडले तो हजर, न पडले तो गैरहजर. चोपदार हजेरी त्यावरूनच पुकारी. म्हणून विड्यांचे तबक हैबतरावांपुढून गेले. बाहेर पालखी होती, ती भोयांनी सरदार आज आलेच नाहीत म्हणून रिकामी घरी नेली. घरी आचाऱ्याने चूल विझविली होती. हैबतराव ओरडले, तो आचारी म्हणाला, "दरबारातून सांगावा आहे की सरदार नाहीत. मी हुकमाबाहेर भात कसा टाकू?" ऐसे चार दिवस जाहले. पाचव्या दिवशी त्यांच्या दोनशे स्वारांनी सरदार हरवले म्हणून रान धुंडाळिले, आणि पेठेत दवंडी फिरली की हैबतराव सरदार सापडतील त्याने कळवावे. हैबतराव दवंडीवाल्याच्या पुढे उभे राहिले आणि बोलले, "अरे मीच तो." दवंडीवाला बोलला, "असाल हो. पण ओळख कोण देईल?" "सगळा दरबार देईल." "दरबारात तर आपण नाही," ऐसे बोलून त्याने ढोल वाजविला आणि पुढच्या आळीस गेला.

सातव्या दिवशी दुपारी हैबतराव पायी गोंदजीच्या दारी आले. गोंदजी ओटीवर बसून बोटांस तेल लावीत होता. सरदार पायरीशी उभे राहिले, पागोटे हाती, आणि इतुक्या हळू बोलले की त्यांचा आवाज त्यांसही ओळखू आला नसेल, "गोंदजी, मी आहे ना?"

गोंदजीस हसू आले असते, परंतु आले रडू, आणि ते रागाचे होते. तो बोलला, "सरदारसाहेब, आपल्याला सात दिवस झाले. मी अकरा वर्षं आपल्यासमोर बसलोय. मी होतो का?"

हैबतराव पायरीवर बसले. सगुणेने आतून पाणी आणून ठेविले, ते प्याले, आणि भांडे पालथे घालून पुन्हा सुलटे केले. मग गोंदजी बोलला, "उद्या बसा. पान देईन. तोंड सुटलं की हात पुढे जाईल. आणि तोंड वाटी बुडावी, चिलखत अंगावर चढावं म्हणून सुटतंय हे मला कळलंय, तेवढं ध्यानात असू द्या." सरदारांनी मान हलविली आणि चिलखताची गोष्ट कोणास सांगू नको म्हणून विनविले. गोंदजीने सांगितली नाही. लिहिणारास ती लोहाराकडून कळली.

दुसरे दिवशी दोन्ही तीरी गर्दी जाहली. गोंदजीने वाटले आणि हैबतरावांस पाच पाने पडली, आणि ती पाच पाने ऐसी की एकाचे दुसऱ्याशी नाते नाही, राजा नाही, प्रधान नाही, नुसता पालापाचोळा. त्यांनी पाने पाहिली आणि मान लाल जाहली आणि तोंड उघडले. विसोपंतांनी डोळे मिटले. गोंदजीचा हात पुढच्या पानासह हवेत थांबला. आणि हैबतराव, घशात काटा अडकल्यागत, बोलले, "गोंदजीराव, आज पाने फार सुरेख पिसलीत."

अकरा वर्षांच्या शिव्यांनी जो हात कधी चळला नाही तो त्या एका 'राव'ने चळला. बोटे थरथरली आणि पान सुटले आणि सर्वांदेखत उताणे पडले, तो होता राजा. वाटप्याच्या घराण्यात उताणे पान कधी पडले नव्हते. पैलतीरचे उठले, ऐलतीरचे उठले, डाव बाद जाहला, सर्व पाने परत मागविली. गोंदजीने उपरण्याने डोळे पुसले आणि आधी नवे पान टाकून वाटी रिती करविली आणि मग पुन्हा पिसावयास घेतले, आणि तरीही हात दोन डाव ठिकाणावर येईना.

सारांश, तोंडाळास उत्तर देणे म्हणजे त्यास पान देणे, सबब न द्यावे, ऐसा कायदा जाहला. आणि त्याच दिवशी हुजुरातून दुसरा हुकूम सुटला तो आजतागायत चालतो, की बैठक चालू असता कोणी वाटप्यास शिवी देऊ नये, आणि डाव मोडावयाचा नसेल तर त्यास वाखाणू तर मुळीच नये. ऐसी ही हकीकत येथे पुरी जाहली. चूकभूल लिहिणाराची, पाने गोंदजीची.