ब्रॅकनेलमध्ये बसलेला चषक

ही गोष्ट दोन हजार पंचवीस सालची, नवरात्रातली. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि आमच्या बास्केटबॉल क्लबाचा चौथा जन्म व्हायच्या बेतात होता.

क्लबाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. एकोणऐंशी साली इंग्लंडातल्या स्लाऊत, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवरच्या हॉलमध्ये तो सुरू झाला. आमचे हे, डॉक्टर शशिधर, संघाचे मानद डॉक्टर. मी गुण लिहायच्या टेबलावर. हॉस्पिटलात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरची बायको शनिवारी संध्याकाळी करणार तरी काय? हॉलमध्ये हीटर होता, एवढंच माझं क्रीडाप्रेम! पण चौऱ्याऐंशी साली आम्ही लीगचा चषक जिंकला आणि तेव्हापासून मी कामातून गेले ती गेलेच.

पुढे हॉल पाडला. क्लब मेडनहेडला गेला, तिथे मेला. काही वर्षांनी ब्रॅकनेलला जिवंत झाला, तिथे छप्पर गळलं, पुन्हा मेला. परत मेडनहेडला उठून बसला, दोन हजार पंधरा साली परत आडवा झाला. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या क्लबाने मांजरीलाही लाजवलं! प्रत्येक मरणाला मी रडले. तिसऱ्या वेळी मात्र रडता रडता डुलकी लागली. वय झालं हो.

त्या शेवटच्या मरणाच्या वेळी सेक्रेटरीने चषक यांच्या हातात दिला. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या घरी नीट राहील."

आणि आता दहा वर्षांनी माझा नातू मिहीर क्लब पुन्हा उभा करत होता. स्लाऊत! नवा हॉल, घरापासून नऊ मिनिटं. दोन मिनिटं वाढली, पण माझा गुडघा तेवढं सोसणार होता. गाडी चालवणं मी कधीच सोडलंय. क्लब स्लाऊत आला तर मला शनिवार परत मिळणार होता, नाहीतर टीव्ही होताच.

ऐन नवरात्रात, गुरुवारी मिहीर आला तो धापा टाकत.

"आजी, लीग हो म्हणाला! पण एक प्रॉब्लेम आहे. ब्रॅकनेलवाले पण सेम नाव मागतात."

"त्यांना काय अधिकार? आपलं छप्पर गळवलं त्यांनी!"

"ऐक ना. लीगचे मिस्टर हॉब्सन म्हणाले, ओल्ड कप ज्या टाउनमध्ये आहे, त्या टाउनला नाव. ते शनिवारी चेक करायला येते. मंगळवारी फायनल डिसिजन."

मी हसले. आयुष्यात इतक्या तोऱ्यात मी क्वचितच हसले असेन. "चषक? अरे, काचेच्या कपाटात आहे! वरचा कप्पा, उजवीकडून दुसरा. डोळे मिटून काढून देते!"

डोळे मिटून हात घातला, तर हाताला लागली यांची रक्तदाब मोजायची पेटी. डोळे उघडून पाहिलं, तरी पेटीच!

"अहो, चषक कुठंय?"

हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "वरदाकडे. तूच दिलास. चिवडा भरून."

आणि मला सगळं आठवलं! सहा-सात वर्षांपूर्वीची दिवाळी. मेडनहेडची वरदा फराळाला आली होती. निघताना तिला चिवडा द्यायचा, तर घरात एक डबा शिल्लक नाही! माझे डबे म्हणजे आमच्या क्लबासारखेच, सगळे दुसऱ्या गावांत. मग दिसला चषक. चांगला दीड किलो मावला त्यात! वर फॉइल लावलं, कानांना धरून वरदा घेऊन गेली.

फोन केला.

"अय्या शैलाताई! तुमच्याकडे पोचला नाही अजून?" वरदा किंचाळली. "अहो, रिकामं भांडं कसं परत द्यायचं, म्हणून मी बेसनाचे लाडू केले. तर तुम्ही तीन महिने पुण्याला! लाडू थांबतात का? त्याच दिवशी मधुमतीताई आल्या होत्या, त्यांना दिले त्यातूनच. म्हटलं, लाडू तुमचे, चषक शैलाताईंचा, पोचता करा."

मधुमती राहते ब्रॅकनेलमध्ये! तिला फोन लावला.

"शैला, तुझा आहे म्हणून तर जिवापाड जपलाय!" मधुमती म्हणाली. "पण परत देताना घालू काय त्यात? तुझं गोड बंद, डॉक्टरांचं तिखट बंद. विचार करता करता सहा वर्षं गेली बघ."

"असू दे गं, रिकामा दे! आत्ताच्या आत्ता मिहीरला पाठवते."

"रिकामा कुठंय? घट बसलाय त्यात."

"काय?"

"सोमवारी बसवला. दर वर्षी त्यातच बसवते. इतकं उंच, देखणं भांडं इथे मिळतं का कुठे!"

शुक्रवारी आम्ही तिघं ब्रॅकनेलला गेलो. मधुमतीच्या बैठकीच्या खोलीत, रेडिएटरच्या शेजारी, चौरंगावर आमचा चौऱ्याऐंशीचा चषक! भोवती मातीत बोटभर उंच धान्य उगवलेलं, तोंडात विड्याची पानं, वर नारळ, गळ्यात झेंडूची माळ. दोन्ही कानांना हळदकुंकू. समोर अखंड दिवा. आमच्या कुठल्याही कप्तानाचा इतका सत्कार झाला नव्हता!

मिहीर हळूच म्हणाला, "मधुमतीआजी, आपण तिथे दुसरा पॉट ठेवू या? आय विल बाय अ व्हेरी नाइस वन."

मधुमतीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बालरोगतज्ज्ञ होती ती चाळीस वर्षं. त्या नजरेने मुलं इंजेक्शन मागून घेत!

"घट हलवायचा नसतो, राजा. दसऱ्यापर्यंत नाही."

"दसरा केव्हा आहे?"

"गुरुवारी."

"डिसिजन मंगळवारी आहे!"

"मग तुमच्या लीगला सांग गुरुवार करायला. देवीला कसं सांगू?"

मिहीरने सुचवलं, सगळा चौरंग व्हॅनमध्ये ठेवू, दिव्यासकट, मी मागे बसून धरतो. हे म्हणाले, "वाटेत ते मोठे गोल चौक, राउंडअबाउट आहेत. दिवा विझेल, नाहीतर व्हॅन पेटेल." पन्नास वर्षं लोकांना भूल दिल्यामुळे यांना कशाचीच घाई नसते. मधुमतीने पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन लावला. ते गाडी चालवत होते. "ताई, घट कुठे हलवतात का?" एवढंच म्हणाले आणि बोगदा आला.

शनिवारी मिस्टर हॉब्सन स्लाऊच्या नव्या हॉलवर आले. उंच, वाकलेले, माझ्याहूनही दमलेले. खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं. मी सांगितलं, "चषक ब्रॅकनेलला आहे, नवरात्राच्या पूजेत अडकलाय." त्यांनी सुस्कारा टाकला आणि गाडीची किल्ली काढली.

मधुमतीच्या दारात त्यांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता. कोरलेलं साल नेमकं भिंतीच्या बाजूला, आणि चषक फिरवायचा नाही! बिचारे सहा फुटी हॉब्सन रेडिएटर आणि चौरंग यांच्यामध्ये पालथे झोपले आणि मोबाइलचा उजेड पाडून वाचू लागले.

"एटीन... नो, नाइन्टीन... समथिंग रेड इज ऑन इट..."

"ते कुंकू!" मी म्हणाले.

"एटी-फोर!" ते ओरडले, आणि उदबत्तीचा धूर नाकात जाऊन त्यांना शिंक आली. पहिल्या शिंकेला ज्योत आडवी झाली. मधुमती धावली, मी धावले, यांनी ओंजळ धरली, मिहीर मध्येच आडवा पडला! दुसरी शिंक मिहीरच्या पाठीवर गेली. दिवा वाचला.

हॉब्सन कपडे झटकत उठले. "चषक खरा आहे. इथे किती दिवस आहे?"

"दिवस?" मधुमती अभिमानाने म्हणाली. "सहा वर्षं! कुणाला बोट लावू दिलं नाही मी!"

मिहीरने डोळे मिटले. हॉब्सननी कागदावर 'ब्रॅकनेल' लिहायला सुरुवात केली आणि 'ब्र' पाशी थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिसेस डॉक्टर, तुम्हाला मी ओळखतो. पंच्याऐंशी साली खेळलोय तुमच्याविरुद्ध. माझा एक फाउल तुम्ही जास्त लिहिला होतात. असो. मंगळवारपर्यंत हा चषक स्लाऊत नेलात, तर मी स्लाऊ लिहीन."

सगळ्यांनी मधुमतीकडे पाहिलं. मधुमतीने माझ्याकडे.

"शैला, भांडं तुझं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तू म्हणालीस तर उचलते. तूच सांग."

मी त्या पिवळसर कोवळ्या अंकुरांकडे पाहिलं. मग मिहीरकडे. त्याने ओठ घट्ट मिटले होते, लहानपणी हरल्यावर मिटायचा तसे. नऊ मिनिटं, मी मनात म्हटलं. फक्त नऊ मिनिटं होती.

"राहू दे," मी म्हणाले. "बसलंय ते बसू दे. इतक्या वेळा उठवलंय त्याला."

हॉब्सननी उरलेली अक्षरं लिहिली. मधुमतीने त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. त्यांनी दोनदा घेतली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. मिस्टर हॉब्सन नाताळात निवृत्त झाले. मिहीरला ब्रॅकनेलवाल्यांनी सन्मानाने बोलावून मॅनेजर केलं. तो रोज चाळीस मिनिटं गाडी हाकतो आणि त्या राउंडअबाउटना मराठीत शिव्या देतो. त्यांचं व्याकरण मात्र अचूक असतं. वरदा म्हणते, तिचा यात काही संबंध नाही. मधुमती पहिल्या रांगेत बसते आणि पंचांना तीच नजर देते. गेल्या महिन्यात एका पंचाने न विचारता माफी मागितली. संघ पहिले सहा सामने हरला, मग एक जिंकला, मग परत हरू लागला. हे घरी बसून स्कोअर फोनवर बघतात आणि मी परतायच्या आत झोपतात.

मी दोन बस बदलून जाते. गुण लिहायला आता संगणक आहे आणि एकोणीस वर्षांची एक मुलगी. मला त्यांनी टेबलावरचा बाण दिलाय, पुढचा चेंडू कोणाचा ते दाखवणारा. दोघांच्या हातांत चेंडू अडकला की तो बाणाच्या बाजूच्या संघाला मिळतो, मग बाण दुसऱ्या संघाकडे फिरवायचा, एवढंच काम. गेल्या शनिवारी हॉलमध्ये हीटर छान चालू होता. बाण फिरवायचा राहिला. आम्ही एका गुणाने हरलो. मला जाग आली तेव्हा हॉल रिकामा होत होता. मुलीने माझ्या अंगावर तिचा कोट घातला होता.