पलंगाच्या सरसात अडकलेला खुनी

"मराठी वाचक लबाड आहे!" दिनानाथनं चहाचा कप दाणकन आपटला. "रहस्यकथा हातात आली, की आधी शेवटचं पान उघडतो! माझ्या कादंबरीत हे चालायचं नाही!"

"बरं," सुनंदा म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली. नवऱ्याची कादंबरी तिनं वाचली नव्हती. गेली दोन वर्षं शेवट सोडून सगळी ती रोज जेवताना ऐकतच होती, तेवढं तिला पुष्कळ झालं होतं.

दिनानाथ अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात कारकून होता. मुंबईच्या झाडून सगळ्या प्रकाशकांनी 'वालधुनीचा काळा हात' साभार परत केल्यावर त्यानं ती स्वतःच छापायला घेतली. शेवटच्या सोळा पानांवर त्याचा भारी जीव! जमीनदार दौलतरावांचा खून त्यांच्या डॉक्टरनं केला, भाच्यानं केला की आणखी कुणी, याचा उलगडा असा होता की वाचकानं बसल्या जागी कोलमडावं. निदान एका माणसानं तरी नीट क्रमानं वाचत येऊन तसं कोलमडावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून ती सोळा पानं कडांनी चिकटवून बंद करायची!

"साईं, मैदे की खळ लगाव," शेजारच्या सिंधी वसाहतीतल्या कॅम्प दोनमधला छापखानेवाला लोकूमल म्हणाला. "उंगली से खुल जायेगा."

"उंगली से? मग उपयोग काय?"

दिनानाथ तडक कॅम्प चारला गेला आणि एका फर्निचरवाल्याकडून डबाभर सरस घेऊन आला. "पलंग टूटेगा, जोड नहीं टूटेगा!" फर्निचरवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. हे ऐकून कुणीही घाबरला असता. दिनानाथ खूश झाला!

रविवारभर घरात सरस रटरटत होता. वासानं शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. चिकटवलेल्या प्रतींवर दिनानाथनं पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, शेवटी स्वतः बसला. सरस आतपर्यंत झिरपला आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी सोळा पानांची एक फळी तयार झाली. "काय घट्ट बसलंय!" म्हणत तो पिशवी भरून विकायला निघाला.

आणि पुस्तक खपलं की हो! कारखान्यातले फोरमन हिंदुराव जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी बसून ते अख्ख्या खात्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. तिथंच भाजी विकणारी मोतीबाई दौलतरावांच्या खुनाला पदर डोळ्यांना लावून रडली. गोष्ट शेवटाला आली. हिंदुरावांनी फळीत नख घातलं. मग चाकू घातला. मग दात लावले, आणि पुढचा एक दात फळीतच राहिला!

हिंदुराव गाल धरून डॉक्टरकडून तडक दिनानाथच्या घरी आले. दिनानाथ बदलापूरला प्रती खपवायला गेला होता.

"वहिनी, खुनी कोण तेवढं सांगा!"

सुनंदाची पंचाईत झाली. घरच्याच बाईनं पुस्तक वाचलं नाही असं कसं सांगायचं? नवऱ्याची अब्रू जायची! तिनं हिंदुरावांच्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं.

"डॉक्टर!"

"वाटलंच मला! सगळे मेले सारखेच!" हिंदुराव आनंदानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोतीबाई आली. तिचं आणि तिच्या भाच्याचं शेताच्या बांधावरून वाजलेलं, हे सुनंदाला ठाऊक होतं. "भाच्यानं मारलं हो दौलतरावांना," ती हळूच म्हणाली. मोतीबाईनं खुशीनं दोन वांगी जास्त घातली.

झालं! फाटकाशी दोन्ही खुनी समोरासमोर आले.

"डॉक्टर! खुद्द लेखकाच्या घरातून कळलंय!"

"भाचा! माना पन थयशीच कललं!" मोतीबाईनं दुधी उगारला.

आठवड्याभरात सगळ्या बुवापाडा वस्तीत डॉक्टरवाले आणि भाचेवाले असे दोन तट पडले, आणि रविवारी दोन्ही तट दिनानाथच्या दारात हजर! दिनानाथ थक्क झाला.

"पण खुनी यातला कुणीच नाही! हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी सुनंदाकडं बोट दाखवलं.

"मग काय करू?" सुनंदा फणकारली. "पुस्तक उघडत नाही म्हणून लोक दारात येतात! तुमचीच लाज राखली मी!"

दिनानाथला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अखेर तो क्षण आला होता! त्यानं चहाच्या किटलीच्या वाफेवर एक प्रत धरून पानं सोडवली, घसा खाकरला आणि शेवट मोठ्यानं वाचला. दौलतराव मेलेच नव्हते! काळा हात त्यांचाच होता!

कुणीही कोलमडलं नाही.

"म्हंजे तो जिता हाय?" मोतीबाई भडकली. "मी त्याचेसाठी ररली, त्याचं सुतक पाललं, न तो जिता?"

"मग मी दात कशाला घालवला?" हिंदुराव गरजले. "वहिनी, तुम्ही सांगा. डॉक्टरच ना?"

सुनंदानं नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग मोतीबाईच्या हातातल्या दुधीकडं पाहिलं.

"दोघं मिळून," ती म्हणाली. "डॉक्टरनं विष दिलं, भाच्यानं ते पाजलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोतीबाईनं तो दुधी हिंदुरावांना देऊन टाकला.

पुढच्या दिवाळीला दिनानाथची दुसरी कादंबरी निघाली. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'लेखक: दिनानाथ. शेवट: सौ. सुनंदा.' दुसरी ओळ लोकूमलनं मोठ्या टाइपात घेतली, कारण गिऱ्हाइकं तीच विचारत येत होती. या वेळी सरस नव्हता. वाचकांनी पुस्तक हातात घेतल्याबरोबर शेवटचं पान उघडलं.

आधीची पानं बऱ्याच जणांनी अजून उघडलेली नाहीत.