शनिवारी निरोप्या

"सिनेमा कसा बघायचा ते या डब्लिनकरांना मी शिकवतो," केदारनं बायकोला, हिमानीला ठणकावून सांगितलं. हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोतलं, आणि तिथे मराठी माणसं जमत ती जेवायला.

सिनेमा जुना, फ्रेंच. एक पोरगा मोपेडवरून शहरभर निरोप पोचवतो आणि एका गाणारीवर जीव जडवून बसतो. पुण्यात कॉलेजात असताना केदारनं तो पाहिला होता, म्हणजे जवळजवळ पाहिला होता. पोरानं निळसर जिना चढून तिच्या दाराची बेल वाजवली आणि फिल्म क्लबची वीज गेली. तेव्हापासून मीटिंगमध्ये, हायवेवर, भाजी चिरतानासुद्धा केदार मनानं त्या निळसर जिन्यात उभा असे. दार काही उघडत नसे. लायब्ररीच्या सेलमध्ये कॅसेट दिसली तेव्हा त्याला चक्क रडू आलं.

मराठी फॉन्ट कुणाकडेच नव्हता. त्यानं सिनेमाचं नाव मराठीत करून इंग्रजी अक्षरांत मेल टाकली, "शनिवारी आमच्याकडे निरोप्या."

शनिवारी रेखाकाकू दारातच गळ्यात पडल्या. "मेलमध्ये 'निरोप, या' वाचलं रे. तुझाही जॉब गेला?"

त्या वर्षी दर पंधरवड्याला कुणीतरी लेऑफ होऊन भारतात परतत होतं, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. काकूंच्या मनोहरकाकांनी भाषण केलं. देवदत्त हुंदके देत म्हणाला, "यार, फ्लाइट कधी?"

इतक्या रडणाऱ्या माणसांना नाही म्हणणं केदारला उद्धटपणाचं वाटलं. "उद्या," तो म्हणून गेला.

गणपतीत तो चेष्टेनं म्हणाला होता, परत गेलो तर टीव्ही तुमचा. काकांच्या ते पक्कं लक्षात होतं. त्यांनी आणि देवदत्तनं टीव्ही उचलला, त्याच्या पोटातल्या व्हीसीआरसकट, कॅसेटसकट.

"अरे, बोल ना काहीतरी," हिमानी कुजबुजली.

"सांभाळून, काका," केदार म्हणाला.

रविवारी संध्याकाळी दोघं पडदे ओढून घरातच बसले होते. फोन वाजला, पण उचलायची सोय नव्हती. आन्सरिंग मशीनवर काकूंचा आवाज आला.

"निघालात वाटतं. अरे, टीव्हीत तुझी कॅसेट होती. बघितली बाई आम्ही. काय रडवलं त्या पोरानं! शेवटी ती दार उघडते आणि त्याला म्हणते..."

टूं. मशीनची टेप संपली.

हिमानीनं फोनकडे हात नेला. "थांब, मी विचारते."

"नको," केदार खिन्नपणे म्हणाला, "आपण विमानात आहोत."