गट्टूचा गोवर

टेबलावर सहा वस्तू होत्या: एक कॉम्प्युटर, म्हणजे दिसायला नुसता जाडसा कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायची वायर, विजेचा एक ठोकळा, लिहिलेले प्रोग्रॅम साठवायला एक कॅसेट प्लेअर, एक कोरी कॅसेट, आणि मुदत संपलेलं वॉरंटी कार्ड. सातवी वस्तू नव्हती. खोक्यातल्या थर्मोकोलमध्ये तिच्या मापाची चौकोनी खाच तेवढी होती. तिथे शिकायचं पुस्तक असायला हवं होतं.

कॉम्प्युटर मुलीने पाठवला होता. ती दूरच्या शहरात नोकरीला होती आणि तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी तो वापरून विकायला काढला होता. वडील वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून समोरच्या भाजीवाल्याच्या तराजूवर नजर ठेवत होते, आणि भाजीवाल्याने आता ठेला हलवायची भाषा सुरू केली होती.

"बाबा, जमेल ना तुम्हाला?" तिने फोनवर विचारलं.

"न जमायला काय झालं? यंत्रच आहे ना?" निरीक्षक म्हणाले.

पलीकडच्या खुर्चीत त्यांची बायको विणत बसली होती. ती पूर्वी इस्पितळात मेट्रन होती आणि सहजासहजी कोणाचं कौतुक करत नसे. तिने सुया थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे असं पाहत होतं. तेव्हाच निरीक्षकांनी ठरवलं, की वाटेल ते होवो, ही नजर उतरू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तकांच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरवरच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट होतं आणि त्यातलं एकही शीर्षक त्यांना कळेना. तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. एकेक पुस्तक तळहातावर तोललं आणि सगळ्यात जड निवडलं. अंदाज एक किलो चारशे ग्रॅमचा होता. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो बरोबर निघाला.

बाकी काही बरोबर निघालं नाही. पुस्तकातली पहिली ओळ टाइप केली की यंत्र म्हणे, चूक. दुसरी, चूक. चार संध्याकाळी गेल्यावर मलपृष्ठावरचा बारीक मजकूर वाचताना कळलं, की पुस्तक दुसऱ्याच कंपनीच्या यंत्राचं आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी होती.

"कसं चाललंय?" मेट्रनबाईंनी चहा ठेवत हळूच विचारलं. 'हे कामात आहेत' म्हणून त्या हल्ली घरात चवड्यांवर चालत होत्या.

"पाया पक्का करतोय," निरीक्षक म्हणाले.

पुन्हा दुकान. आता त्यांनी यंत्राचं नाव सांगितलं, तसं पुस्तकवाल्याने एकच पुस्तक काढलं. पातळ, चकचकीत, वजन फार तर दोनशे ग्रॅम. मुखपृष्ठावर टोपी घातलेला बेडूक होता आणि त्याच्या पोटावर लिहिलं होतं: वय वर्षे आठ ते बारा.

"या यंत्राचं एवढंच येतं साहेब. कोणासाठी हवंय?"

"नातवासाठी," निरीक्षकांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना नातू नव्हता. मुलीचं लग्नही झालेलं नव्हतं.

"अरे वा! नाव काय?"

निरीक्षकांची नजर काउंटरवरच्या गुटगुटीत पेपरवेटवर गेली. "गट्टू. आठ वर्षांचा," ते म्हणाले.

"हे गट्टूला द्या," म्हणत पुस्तकवाल्याने वर एक चॉकलेट ठेवलं. निरीक्षकांना गोड वर्ज्य होतं, पण चॉकलेट घरी नेलं तर गट्टूही घरी न्यावा लागला असता. त्यांनी ते वाटेतच संपवलं.

बेडूक फार भला निघाला. प्रत्येक पानाच्या शेवटी तो टोपी उंच करून म्हणायचा, 'शाब्बास! चल पुढे!' नोकरीच्या तीस वर्षांत निरीक्षकांना कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ते जाड पुस्तक उभं धरायचे आणि त्याच्या आड बेडूक उघडायचे. बघता बघता वजनांची बेरीज करणारा प्रोग्रॅम तयार झाला, आणि तो कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. घरी सांगायची सोय नव्हती. मग ते दुकानात गेले.

"गट्टूने तराजूतली खोट शोधायचा प्रोग्रॅम लिहिला."

"आठव्या वर्षी?"

"घराण्यातच आहे," निरीक्षक नम्रपणे म्हणाले आणि दुसरं चॉकलेट मिळालं.

गट्टू असा दर आठवड्याला हुशार होत गेला. शेवटी पुस्तकवाल्याने त्यांचा हातच धरला. "येत्या रविवारी मागच्या खोलीत बेडूकवाल्या मुलांचा मेळावा घेतोय. बारा छोट्या खुर्च्या भाड्याने आणल्यात. गट्टू हवाच! एक फोन नंबर देऊन ठेवा."

नंबर देऊन झाला, आणि मग निरीक्षकांच्या ध्यानात आलं, की गट्टूला आणायचं कुठून. "पण त्याला... गोवर आलाय."

शुक्रवारी फोन वाजला तो मेट्रनबाईंनी उचलला.

"गट्टूच्या आजी बोलताय का?"

मेट्रनबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. या नावाने त्यांना आजवर कोणी हाक मारली नव्हती. "हो, बोलतेय."

"पुस्तकांच्या दुकानातून बोलतोय. गोवर कसा आहे त्याचा? अहो, पोरगं म्हणजे हिरा आहे!"

"पुरळ उतरतंय," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि कृपा करून चॉकलेट देऊ नका. कोटाच्या खिशात कागद सापडतायत."

फोन ठेवून त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आपल्या गट्टूला गोवर झालाय म्हणे. मेट्रनच्या घरात! लस कशी नाही टोचली कोणी?"

निरीक्षकांनी जाड पुस्तक खाली ठेवलं. आतून बेडूक घसरून फरशीवर पडला. मग त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या चुकीपासून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रापर्यंत आणि पेपरवेटपासून चॉकलेटपर्यंत. "तुला वाटलं असतं, याला एवढंही येत नाही."

मेट्रनबाई खाली बसल्या. "आणि मी रोज दुपारी तुम्ही झोपलात की ते जाड धूड वाचत होते. अक्षर कळेना. म्हटलं, यांना कळतंय म्हणजे आपलंच डोकं गेलं कामातून." त्यांनी बेडूक उचलून मांडीवर घेतला आणि पहिलं पान उघडलं. "दिसायला कसा आहे हो आपला गट्टू?" त्यांनी विचारलं.

"गुटगुटीत," निरीक्षक म्हणाले.

रविवारी दोघं खरं सांगून टाकायला दुकानात गेले. मागच्या खोलीत छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसं बसली होती. एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणत होते, की नातू मामाकडे गेलाय. पोस्टातल्या एक बाई गाल धरून म्हणाल्या, "नातीचा दात हलतोय, म्हणून मीच आले." प्रत्येकाच्या हातात बेडूक होता. या दोघांना धरून अकरा माणसं झाली, आणि मूल एकही नाही. पुस्तकवाल्याचा चेहरा उतरला.

निरीक्षक उभे राहिले. "मी तीस वर्षं खोटी वजनं जप्त केली. आज एक स्वतःहून जमा करतो. गट्टू नाही. हे पुस्तक मीच वाचतो."

मग बसड्रायव्हरांनी विचारलं, "कितव्या पानावर आहात?"

"दातही माझाच हलतोय," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

पुस्तकवाला मात्र उरलेल्या बाराव्या खुर्चीवर मटकन बसला. "गट्टू नाहीच? मग आता मी विचारू कोणाला? सतराव्या पानावर अडकलोय हो! माझं नाव पडद्यावर येतं ते येतच राहतं. शेवटी प्लग काढतो मी."

"सोपं आहे," निरीक्षक म्हणाले. "यंत्राला मागच्या ओळीवर जा म्हणून सांगताना कुठे थांबायचं तेही सांगावं लागतं. चला, करूनच बघू."

दुकानाच्या काचेत मांडलेला कॉम्प्युटर आत आणला. सगळ्यांच्या वयांची सरासरी काढायचं ठरलं. मेट्रनबाईंनी वॉर्डातल्या आवाजात एकेकाला वय विचारलं, त्यामुळे कोणी कमी सांगितलं नाही. निरीक्षक आकडे टाइप करत गेले. पडद्यावर उत्तर आलं, ६१.०८३३, आणि यंत्र आपणहून थांबलं. पुस्तकवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"एक राहिलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "गट्टू. आठ."

निरीक्षकांचं बोट कीबोर्डवर अधांतरी राहिलं. "अगं, पण तो..."

"घाला हो. गोवर उतरलाय त्याचा."

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. मग बाराचे तेरा केले, आठ टाइप केले आणि बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: ५७.