भूमिकेचा दाखला

औरंगाबादच्या नाटकाच्या कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा पोखर्णीच्या रायभाननं उड्या मारायच्या सोडून डोकं धरलं. पत्रात म्हटलं होतं, आजवर केलेल्या भूमिकांची माहिती, गावातल्या जबाबदार व्यक्तीच्या दाखल्यासह आणावी. पोखर्णीत असा एकच माणूस होता आणि त्यानं आजवर कशाचीच जबाबदारी घेतलेली नव्हती. ते म्हणजे माजी सरपंच आणि जत्रेच्या नाटक कमिटीचे कायमचे अध्यक्ष, दत्तराव.

"त्यांनी दाखला दिला तर जा," रायभानचा बाप सटवाजी म्हणाला. "न्हाई दिला तर मेंढरामागं. मंग नाटकाचं नाव काढायचं न्हाई."

रायभाननं मान डोलावली. नाटकाशिवाय त्याला जगणंच नकोसं होईल, हे बापाला सांगून काही उपयोग नव्हता. त्यानं फौजदार, दारुडा, सासरा, आणि एका जत्रेत नायिकेचं काम करणारा गडी रुसला म्हणून नायिकासुद्धा, अशा सगळ्या भूमिका सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि तो दत्तरावांकडे गेला.

औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. आसपासच्या गावांत गरिबांची घरं जळली होती. नाव बदलावं म्हणणारे आणि बदलू नये म्हणणारे, दोघंही दत्तरावांना "तुमची भूमिका काय?" असं विचारून गेले होते, आणि दोन्ही वेळा दत्तरावांना ताप भरला होता.

"काका, माझ्या भूमिकांचा दाखला पाहिजे."

दत्तरावांच्या हातातली सुपारी खाली पडली. "कुठं द्यायचाय?"

"औरंगाबादला."

"म्हंजी तिथंच!" दत्तरावांनी आधी दार लावून घेतलं.

"नाटकातल्या भूमिका हो, काका."

"आरं, सगळं नाटकच हाय. पण खाली सही माझी ऱ्हाणार ना!"

त्यांनी लिहिलं, 'सदर इसमाने आजपावेतो कोणतीही भूमिका घेतलेली नाही.'

रायभाननं ते वाचलं. "काका, आख्ख्या गावानं बघितलंय मला!"

"म्हंजी साक्षीदार बी हायेत?" दत्तरावांनी घाईघाईनं पुढं जोडलं, 'घेतली असल्यास ती इतरांच्या सांगण्यावरून. त्या वेळी बोललेली वाक्ये त्याची स्वतःची नव्हती.'

"आवो, असं लिवत नसतेत!"

"कामून? खोटं हाय का यात?"

खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. रायभान रडकुंडीला आला. "काका, पाया पडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढं तरी लिवा."

दत्तरावांना दया आली. त्यांनी लिहिलं, 'जमावाने टाळ्या वाजवल्या असता सदर इसम मान खाली घालून उभा होता. पुढे असे घडणार नाही.' आणि दाणकन शिक्का मारला.

दुसरा जबाबदार माणूस शोधायला वेळ नव्हता. रायभान तोच कागद घेऊन परभणीहून गाडीत बसला. मुलाखतीत एका सरांनी दाखला मोठ्यानं वाचला, दुसऱ्यांनी तो हिसकावून पुन्हा वाचला, आणि मग सगळेच डोळे पुसत हसत सुटले. रायभानकडे कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. महिनाभर घोकलेलं भाषण पोटात ठेवून तो तसाच परत आला.

काही दिवसांनी पत्र आलं, ते दत्तरावांच्या नावानं. 'आपला दाखला हे अस्सल विनोदी लेखन आहे. नाट्यलेखनाच्या वर्गाला आपण अवश्य यावे. उमेदवाराचा मात्र विचार करता येत नाही.'

सटवाजीनं काठी पोराच्या हातात दिली. आपलं सगळं संपलं, असंच मेंढरांमागं चालताना रायभानला वाटत होतं.

तिसऱ्या प्रहरी माळावर दत्तराव धापा टाकत आले. कपाळाला ओली पट्टी होती. "गेलो तर गाव इचारल, कामून गेले. न्हाई गेलो तर ते इचारतील, कामून न्हाई आले. दोन्हीकून भूमिकाच हुतीया. रायभान, तूच जा बाबा. माझ्या नावानं बस तिथं."

"मी? दत्तराव म्हणून?"

"तुझ्या बापाला मी समजावतो. तुला तिथं वळखतंय कोण?"

ते मात्र खरं होतं. रायभाननं काठी खाली टाकली.

"फकस्त एक कर," दत्तराव हात जोडून म्हणाले, "तिथं कुणी भूमिका इचारली, तर चुकून बी माझं नाव घेऊ नको."